बर्फात रोवलेल्या फांद्या

२४ नोव्हेंबर १७८८, सोमवार

काठाला बोटभर बर्फ. मधली धार अजून मोकळी. वारा उत्तरेचा.

आज तीन वेळा नदीवर जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. हिटीने विचारलं, तुमच्या पायाला भिंगरी आहे की बुडाखाली काटे? मी म्हटलं, दोन्ही. तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोशी खोटं बोलून उपयोग नसतो.

मार्चमध्ये लोकांनी मला गव्हर्नर केलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. दोन हुशार माणसं एकमेकांना पाडण्यात गुंतली होती आणि मधल्यामध्ये मी सापडलो. बाप नावाडी, स्वतः शेतकरी, लढाईत कॅप्टन, कुणाशी वैर नाही. एवढी पुंजी. येत्या मार्चला पुन्हा निवडणूक आहे. हे पद नको असं मी सगळ्यांना सांगत असतो, आणि ते हातचं गेलं तर काय या विचाराने रात्री कूस बदलत असतो.

आठ महिने निभावलं. पलीकडच्या राज्याच्या गव्हर्नरशी नदीवरून पत्रांची लढाई चालू आहे. तो म्हणतो हद्द मधल्या धारेवर. मी म्हणतो पार त्याच्या काठापर्यंत नदी आमची, माझ्या बापाने ती आयुष्यभर वल्हवली. या भांडणात मला मजाही येते. पण ईनॉस पिकेटचं प्रकरण आलं आणि मजा संपली.

ईनॉस हा टॅबिथाचा मुलगा, वय चोवीस. ऍशबेल क्रेनकडे गडी होता. क्रेनशी त्याची बाचाबाची झाली आणि त्याच रात्री क्रेनचा गोठा जळाला. ईनॉस म्हणतो, पाइप ओढता ओढता गवतात झोप लागली. क्रेन म्हणतो, मुद्दाम लावली. पंचांनी क्रेनचं ऐकलं. गोठा घराला चिकटून, म्हणून कायद्याने घर जाळल्याचा गुन्हा, आणि घर जाळणाऱ्याला फाशी. माणूस एकही मेला नाही, दोन बैल गेले. फाशी १९ डिसेंबरला. माफी देणं माझ्या हातात, पण सल्लागार मंडळाच्या संमतीने, आणि मंडळ म्हणजे क्रेन. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून हात वर करतात.

टॅबिथा आणि मी एकाच काठावर वाढलो. तिचा नवरा माझ्या तुकडीत होता. त्याला मी नेलं आणि परत आणू शकलो नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. आभाराचा दिवस.

दोन बोटं बर्फ.

या दिवसाचं जाहीर पत्रक दरवर्षी गव्हर्नर लिहितो. यंदाचं मी लिहिलं आणि प्रार्थनाघरात रेव्हरंड वाइल्डरनी ते वाचलं. 'देवाने या वर्षी आपल्या उंबऱ्याशी आणून ठेवलेल्या असंख्य दयांबद्दल' हे वाक्य मला लिहिताना फार आवडलं होतं. ते वाचलं गेलं तेव्हा टॅबिथा समोरच्याच बाकावर होती. तिने मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघतच राहिली. मी माझ्या बुटांची पारख करत बसलो.

जेवणाला टर्की होती, भोपळा होता, सगळं होतं. हिटीने टॅबिथासाठी ताट झाकून पाठवलं. ताट घासूनपुसून परत आलं. त्यात तिने आठ अंडी ठेवली होती.

१ डिसेंबर, सोमवार

वारा पडला. तीन बोटं, पण पांढरा, फुसका.

क्रेन आला होता. सोबत रेव्हरंड वाइल्डर. क्रेन वाईट माणूस नाही, असं मी स्वतःला बजावत असतो. बैल त्याने वासरांपासून वाढवले होते आणि त्यांच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज आजही जड होतो. मी सरळच म्हटलं, बैलापायी माणूस टांगू नये. त्याने रेव्हरंडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माफी द्या. मी आडवा येत नाही. पण त्याच्या मानेला दोर लागला पाहिजे."

रेव्हरंडनी मग रीत समजावून दिली, जशी काही मला ठाऊकच नव्हती. कैद्याला फाशीच्या खांबाखाली आणायचं, प्रवचन करायचं, त्याचे शेवटचे शब्द ऐकायचे, दोर घालायचा, आणि मग गव्हर्नरने पुढे होऊन माफीनामा वाचायचा. तोवर कुणाला वाससुद्धा लागता कामा नये. कैद्याला नाही, आईलाही नाही. आधी कळलं की तो पश्चात्ताप खरा राहत नाही आणि बघणाऱ्यांच्या मनावरही ठसा उमटत नाही.

मी हे पाहिलंय. बारा वर्षांचा असताना बापाने आम्हाला नावेतून नेलं होतं. खोटी नाणी पाडणारा एक माणूस दोराखाली उभा होता, आणि कागद वाचला गेला तशी हजार माणसं हमसाहमशी रडली. माझा बाप रडला, जो स्वतःच्या आईसाठी रडला नव्हता. त्याच्याइतका सुंदर दिवस मी पुन्हा पाहिला नाही.

मी हो म्हटलं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. पोरगा जगेल, क्रेनचं समाधान होईल, मार्चमध्ये त्याच्या तीन गावांची मतं इकडे येतील. हे शेवटचं मी त्या दोघांसमोर बोललो नाही. इथे लिहितोय कारण इथे लिहायचं नाही तर कुठे.

८ डिसेंबर, सोमवार

कडक गारठा. चार बोटं, काळा, काचेसारखा. हा खरा बर्फ.

आज माफीनामा लिहिला. सही केली, शिक्का मारला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. वाटलं होतं आता तरी झोप लागेल. उलट खिशात निखारा ठेवल्यासारखं होतंय.

हिटीने विचारलं, खिशावर सारखा हात का जातो? सांगितलं. राहवेना. ती पीठ मळत होती, ती थांबली. म्हणाली, "मग टॅबिथाला आत्ता जाऊन सांगा."

मी तिला रीत सांगितली. पश्चात्ताप, ठसा, माझा बाप, ती हजार माणसं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा पीठ मळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या नाण्यांवाल्याला आई होती का?"

मला आठवेना. हिटीला असे प्रश्न कुठून सुचतात देव जाणे. मंडळाला शब्द दिलाय, तू बोलायचं नाहीस, असं मी बजावलं. ती म्हणाली, मी आजवर तुमचा शब्द मोडलेला नाही, आणि कणकेला असा दणका दिला की वाडगा उडाला.

१० डिसेंबर, बुधवार

साडेचार बोटं. आभाळ स्वच्छ.

टॅबिथा आली. मला वाटलं, आता रडेल, पाय धरेल. तसलं काही नाही. स्वयंपाकघरात बसून हिटीबरोबर घेवडा सोलू लागली. मी उगाच आत-बाहेर करत होतो. मग तिने विचारलं, "लिफ, काही आशा आहे का? असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण. मला तयारी करायला बरं."

मला गाव गव्हर्नर म्हणतं, जुने लोक कॅप्टन म्हणतात. एलिफलेटचा लिफ आता फक्त तिच्याच तोंडात उरलाय. हिटीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आशा देवावर ठेव, टॅबिथा."

ती "बरं" म्हणाली. घेवड्याच्या पाच-सहा शेंगा तशाच सोलल्या. मग एकदम बर्फाचं विचारलं. यंदा नदी कधी धरेल, पायी माणूस कधी जाईल? मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. बर्फाबद्दल मला कुणीही कधीही विचारावं. तिची बहीण पलीकडे राहते. फाशीनंतर या गावात राहायला नको, म्हणून तिकडे जायचा बेत असणार. बिचारी. तिला काय माहीत, ती वेळच येणार नाही.

मी सगळं सविस्तर सांगितलं. शनिवारी मी बर्फावरची वाट दाखवायला फांद्या रोवीन, दरवर्षीसारख्या. पुढच्या गुरुवारपर्यंत गारठा असाच राहिला तर बैल जुंपलेली घसरगाडीसुद्धा जाईल. फक्त फांद्यांची रांग सोडू नये, कारण नदीच्या मधोमध असलेल्या खडकाच्या खालच्या अंगाला धार बर्फ आतून खाते.

"गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. "रात्रीचंसुद्धा फांद्या दिसतात ना?"

मी म्हटलं, चांदणं नसलं तरी पांढऱ्यावर काळं दिसतंच. निघताना ती बरीच शांत वाटली. बोलल्याने माणसाचं मन हलकं होतं ते असं.

११ डिसेंबर, गुरुवार

पाच बोटं.

तुरुंगात जाऊन आलो. तुरुंग म्हणजे शेरीफ ग्रिग्जच्या खानावळीमागची ओंडक्यांची खोली. ईनॉस भिंतीला टेकून बसला होता, पायात बेड्या. घोट्यांना जखमा झाल्या होत्या. मला बघून उठायला गेला आणि पडला. मला ते सहन होईना. जो आठवड्याने सुटणार त्याचे पाय आत्ता कशाला सडवायचे? ग्रिग्जला बेड्या काढायला सांगितल्या. तो कुरकुरला, जमीन फळ्यांचीच आहे साहेब, खाली नुसती माती. मी म्हटलं, जाऊन जाऊन जाणार कुठे? आईला रोज भेटू द्या, तिच्या हातचं खाऊ द्या, असंही सांगितलं.

ईनॉस म्हणाला, "कॅप्टन, मी पाइप विझवला होता असं मला वाटतं. पण रोज थोडं कमी वाटतं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझा दुसरा हात खिशावर होता.

१३ डिसेंबर, शनिवार

सहा बोटं. सुरेख.

फांद्या रोवल्या. देवदाराच्या, पुरुषभर उंच, पंचवीस पावलांना एक. लोखंडी पहारीने भोक पाडायचं, फांदी उभी करायची, वरून पाणी ओतायचं. घटकाभरात ती अशी गोठते की बैलाने ओढली तरी हलत नाही. बाप म्हणायचा, ज्याने फांदी रोवली त्याने तो रस्ता शपथेवर सांगितला. म्हणून बर्फ बिघडला की सगळ्यात आधी फांद्या काढायच्या, मग जेवायचं. गव्हर्नर झाल्यावर हे काम गड्याला सांगावं असं क्रेन सुचवत होता. मी ऐकलं नाही. वर्षभरात मला नीट जमलेलं हे एकच काम.

पलीकडच्या काठाशी शेवटची फांदी रोवताना त्या गव्हर्नरची आठवण झाली आणि ती जरा जोरातच ठोकली. त्याची नि माझी पत्रं अशी आहेत की इकडचा चोर तिकडे गेला तर तो त्याला जेवायला घालेल, पण माघारी देणार नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

वारा फिरला. दक्षिणेचा. संध्याकाळपासून पाऊस.

मला बसवत नाही. घोड्यावरून माफीनामा वाचायचा की पायउतार होऊन? गोठ्यात जाऊन मोठ्याने वाचून पाहिला. 'दयेच्या' या शब्दाशी आवाज फाटतो. गायींनी माना वळवल्या तेवढ्याच.

१७ डिसेंबर, बुधवार

पाऊस दुपारी थांबला. बर्फावर घोट्याएवढं पाणी.

लोक आतापासून जमायला लागलेत. ग्रिग्जच्या खानावळीत पाय ठेवायला जागा नाही. फाशी बघायला चाळीस मैलांवरून गाड्या आल्यात, पोरंबाळं, सफरचंदाच्या सायडरची पिंपं, जत्राच. मला मुजरे झडतायत. ही सगळी माणसं शुक्रवारी रडतील, हेच मनात घोळवत असतो.

टॅबिथा तुरुंगाकडे जाताना दिसली. टोपलीत मक्याच्या भाकरी, खारवलेलं मांस, आणि नवीन विणलेली तांबडी टोपी. म्हणाली, त्याला डोक्याला गारठा सोसत नाही. मला हसू आणि रडू दोन्ही आलं. परवा मरणाऱ्या पोराला कानटोपी विणणारी आई. ओठांवर आलं होतं सांगायचं. पण समोरून क्रेन येत होता.

१८ डिसेंबर, गुरुवार

पहाटे गारठा पुन्हा पडला. नदीवर नवी साय धरलीय. दिसायला आरसा, खाली बर्फ कुजका. याच्याइतकं लबाड दुसरं काही नाही.

फांद्या काढायला हव्यात. सकाळी पहार घेऊन निघालोही होतो, तेवढ्यात क्रेनचा निरोप आला, दुपारी जेवायला या, तिन्ही गावांचे लोक येतायत. हिटीला कोटाची बाही उसवलेली दिसली. मग रेव्हरंड आले, उभं कुठे राहायचं ते ठरवायला. नावाड्यांना निरोप दिलाय की नदीवर कुणी उतरू नये. उद्या तर सगळं गाव फाशीच्या टेकडीवर असणार, नदीकडे कोण फिरकतंय? उद्याचं उरकलं की परवा सकाळी पहिलं काम तेच.

जेवण चांगलं झालं. क्रेनने सर्वांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. माझी नजर सारखी खिडकीबाहेर नदीकडे जात होती. बापाचा आवाज कानात घुमत होता, मग जेवायचं, मग जेवायचं. सवयच ती.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो.

उजाडायच्या आत ग्रिग्ज धापा टाकत आला. ईनॉस पळाला. फळी उचकटून, ओंडक्याखालची माती उकरून. राखणदार खानावळीतल्या गोंधळात पिऊन पडला होता. माझा पहिला विचार काय होता तेही लिहून ठेवतो. माझा माफीनामा वाया गेला, हा.

पावलं नदीकडे गेली होती. रात्री पडलेल्या पातळ हिमावर अगदी स्पष्ट, आणि थेट फांद्यांच्या रांगेने. ग्रिग्ज काठावरच थांबला. म्हणाला, गेला की हो तिकडे, आता काय तो हाती लागतोय. त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. टेकडीवरच्या लोकांना कळलं तेव्हा आधी शिव्या, मग हशा. कुणीतरी ईनॉसच्या नावाने पेला उंचावला.

मी लांब वासा आडवा धरून पोटावर सरकत पुढे गेलो. खडकाच्या आसपास, दोन फांद्यांच्या बरोबर मधे, पावलं संपली होती. तिथे बर्फ नवा होता, गुळगुळीत, चारपाच हात रुंद. पलीकडे पाऊल नव्हतं. कडेला तांबडी टोपी गोठून बसली होती. पहारीने फोडून काढली.

टोपी कोटात घातली. माफीनाम्याशेजारी. परत येऊन ग्रिग्जला म्हटलं, पावलं पलीकडे गेलीत. मग दिवसभर फांद्या उपटत होतो. पावसाने ढिल्या झालेल्या, एकेक, हाताने. कोट अजून अंगावर आहे.

२१ डिसेंबर, रविवार

गारठा.

टॅबिथा आली. दार लावून घेतलं आणि माझे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "लिफ, तू देवावर ठेव म्हणालास तेव्हा मी समजून गेले. गव्हर्नरला तोंडाने कसं बोलता येईल? म्हणून तू बर्फाचं सांगितलंस. बेड्या काढल्यास. फांद्या रोवल्यास. सगळं मला कळलं."

मी हात सोडवून घेतले नाहीत. ती निरोपाची वाट बघणार. बहिणीकडे पोचला असेल, पण घाबरून महिनाभर तरी कळवणार नाही, असा तिचा हिशेब. तोवर त्याचे मोजे विणून होतील.

क्रेनलाही तेच वाटतं, की मी पळवलं. रस्त्यात तोंड फिरवून गेला. आणि खानावळीत लोक माझ्या नावाने पितात, काळीज असलेला गव्हर्नर म्हणून. आगीतून उठून फुफाट्यात पडलो म्हणावं, तर फुफाट्यातही मलाच हार घालतायत.

२४ डिसेंबर, बुधवार

सहा बोटं.

हिटीने कोट झटकायला घेतला. टोपी तिच्या हातात आली. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ टोपीवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, टॅबिथाला माहीत आहे? मी म्हटलं, हिवाळाभर तरी तिला सुखाने राहू दे. वसंतात बर्फ फुटला की आपोआप कळेल. ही एक प्रकारची दयाच आहे.

हिटी म्हणाली, "तुमच्या दया फार सावकाश येतात हो."

३० डिसेंबर, मंगळवार

वीतभर. गाड्या चालू झाल्या. फांद्या या खेपेला नावाड्यांनी रोवल्या. मला विचारायला आले होते, मी तब्येतीचं कारण सांगितलं.

टॅबिथाच्या खिडकीत रोज संध्याकाळी मेणबत्ती जळते, नदीच्या बाजूला. आमच्या अंगणातून दिसते. मी अंगणात जाणं सोडलंय, तरी पाय आपोआप तिकडेच नेतात.

३ जानेवारी १७८९, शनिवार

टॅबिथाने विचारायला पाठवलं, बर्फ कसा आहे? सोमवारी ती पलीकडे जाणार. मोजे झाले.

बहिणीच्या दारात तिला कळावं, परक्या अंगणात, सामान हातात घेऊन? टोपी धुऊन, वाळवून हिटीने माझ्या ताटाशेजारी ठेवली.

५ जानेवारी, सोमवार

मी म्हटलं, मीही येतो सोबत. टॅबिथाला आनंद झाला. गाठोडं तिने मला घेऊ दिलं नाही. रस्ताभर बोलत होती, ईनॉसला तिकडे गिरणीत काम मिळेल, पाइप सोडायला लावीन. लहानपणी आम्ही दोघं याच बर्फावर घसरायचो, तू एकदा माझा दात पाडलास, हेही निघालं. खडकाजवळ आलो तसे माझे पाय थांबले.

टोपी काढून दिली. म्हटलं, इथे.

तिने ती उलटी केली, आतली शिवण बोटाने चाचपली. वीण तिचीच होती. मग खाली बर्फाकडे बघितलं. मी बोलत सुटलो. पाऊस, नवी साय, फांद्या काढायच्या राहिल्या ते, क्रेनचं जेवण. आणि मग तेही, खिशातलं. माफीनामा होता. खांबाखाली वाचायचा होता. रीत होती. ती रीत मरू देणार नव्हती त्याला, मी मरू देणार नव्हतो. काय बोलत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं.

तिने मला संपवू दिलं. मग म्हणाली, "कागद कधी लिहिलात, गव्हर्नर?"

जन्मात तिने मला गव्हर्नर म्हटलं नव्हतं.

"आठ तारखेला. सोमवारी."

तिने मनाशी दिवस जुळवले. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मला नजर काढता येत नव्हती.

"मी बर्फाचं विचारायला आले ते बुधवारी," ती म्हणाली.

तिने टोपी गाठोड्यात मोज्यांवर ठेवली, गाठ मारली आणि पलीकडच्या काठाकडे चालायला लागली. मी मागोमाग निघालो. एकटीला कसं जाऊ द्यायचं? तिने मागे वळून पाहिलं नाही. तशीच म्हणाली, "परत जा. तुमची हद्द इथे संपते."

मी थांबलो. ती काठ चढून दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. घरी आलो तेव्हा हिटीने मक्याचा घाटा केला होता. तिने वाढलं, मी खाल्लं.

६ जानेवारी, मंगळवार

बर्फ मोजला नाही.

पलीकडच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. मधल्या धारेपासून पुढची नदी त्यांची आहे, आमचं काही म्हणणं नाही. तिच्यात वसंतात जे सापडेल ते टॅबिथा पिकेट नावाच्या बाईला, तिच्या बहिणीच्या घरी, त्याच दिवशी कळवावं. दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.